फुलावर असलेल्या शेवंतीपासून नवी रोपं: ठाणे-नवी मुंबईच्या बाल्कनीसाठी

डिसेंबर-जानेवारीत ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या नर्सऱ्या शेवंतीने भरून जातात. पिवळी, जांभळी, विटकरी, पांढरी. कुंडी दिसणार नाही इतकी फुलं. माणसं हौसेने घरी नेतात, तीन-चार आठवडे बाल्कनी उजळून निघते आणि फुलं सुकली की कुंडी वॉचमनकडे किंवा कचऱ्यात जाते. शेवंती बहुवर्षायू झाड आहे, एका हंगामापुरतं नाही. ते जगवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच्या फांद्या लावून नवी रोपं करणं. आणि ते काम, निदान आपल्या या किनारपट्टीवर, झाड फुलावर असतानाच करायला हवं.

बागकामाची नेहमीची शिकवण याच्या उलट आहे. फुलं संपू द्या, झाड जमिनीपासून चार-पाच इंचांवर छाटा, खालून काश्या (बुडाशी येणारे कोवळे फुटवे) फुटल्या की त्या लावा, असं सांगतात. पुणे, नगर, नाशिककडे ते अगदी बरोबर आहे. आपल्याकडे मात्र फुलं संपून काश्या फुटेपर्यंत मार्च उजाडतो, आणि मार्चमध्ये ठाण्याची दुपार पस्तिशी ओलांडायला लागलेली असते. शेवंतीच्या फांदीला मुळं फुटायला १८ ते २४ अंशांच्या आसपासची हवा लागते. ती आपल्याला मिळते डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे नेमकी झाड फुललेलं असताना. शिवाय फूल समोर असल्यामुळे कोणत्या रंगाची फांदी घेतोय ते डोळ्यांना दिसतं. एका कुंडीत बहुधा चार-पाच वेगवेगळी रोपं एकत्र लावलेली असतात, त्यातलं सशक्त कोणतं हेही तेव्हाच कळतं.

फुललेल्या झाडाची फांदी वेगळी का वागते

शेवंती दिवसाच्या लांबीवर चालणारं झाड आहे. खरं तर रात्रीच्या लांबीवर. रात्र पुरेशी मोठी झाली की ती कळी धरते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असा संबंध आहे हे १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनसारख्या पिकांवर दाखवून दिलं. पुढे १९३०च्या दशकात चैलाख्यान या शास्त्रज्ञाने थेट शेवंतीवरच प्रयोग केले. झाडाच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली, खालच्या पानांना लहान दिवस दिला, वरच्या उघड्या शेंड्याला मोठा दिवस. तरी शेंडा फुलला. म्हणजे रात्र मोजतात ती पानं, आणि फुलण्याचा निरोप पानांतून शेंड्याकडे जातो.

आपल्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. फुललेल्या झाडावरून तोडलेली फांदी तो निरोप सोबत घेऊन येते. तिला पानं वाढवायची नसतात, मुळं तर नाहीच. असलेली साखर ती कळीकडे पाठवते. तसंच सोडलं तर दोन इंचांची काडी कपात उभ्या उभ्या कळी धरते आणि मुळांविना संपते. म्हणून कामं दोन: तिच्याकडून मुळं फुटवून घ्यायची आणि तिला फुलण्यातून परत वाढीकडे वळवायचं. बहुतेक जण पहिलं करतात आणि दुसरं विसरतात.

दुसऱ्यासाठी दिवा लागतो. ठाण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवस साधारण ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. कुंडीतल्या बऱ्याच संकरित जाती साडेतेरा तासांपेक्षा दिवस लहान असला की कळी धरायला तयारच असतात. म्हणजे त्यांच्या लेखी आपल्याकडे कायमच फुलण्याचा मोसम आहे. परदेशी माहितीत ‘उन्हाळ्यात रोप आपोआप वाढीला लागेल’ असं लिहिलेलं असतं. ते तिकडच्या लांब दिवसांसाठी. आपल्याकडे त्या भरवशावर राहू नये. झिपरी, राजा यांसारख्या जुन्या गावठी जाती मात्र उन्हाळ्यात दिव्याशिवाय चांगल्या वाढतात. शेतकरी त्या वर्षानुवर्षं तशाच घेत आले आहेत.

आधीचे आठ-दहा दिवस

दिवा फांदी कापण्याआधीच सुरू करा. ९ वॉटचा पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब झाडापासून दोन-अडीच फुटांवर टांगा आणि रात्री १० ते २ चालू ठेवा. टायमर लावलेला प्लग असेल तर जागरण नाही. मध्यरात्री रात्रीचे दोन तुकडे झाले की झाडाच्या हिशोबाने मोठी रात्र उरतच नाही. शेजाऱ्यांच्या खिडकीत उजेड जात असेल तर बल्बला वरून पुठ्ठ्याची टोपी करा, पुठ्ठा बल्बला चिकटू मात्र देऊ नका. किंवा दुसरी वेळ निवडा: सूर्य मावळल्यापासून रात्री ११ पर्यंत सलग. चार तासांच्या हिशोबाने महिन्याला जेमतेम एक युनिट वीज लागते.

पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एक बघावं. रस्त्यावरचा दिवा थेट बाल्कनीत येत असेल तर रोपं वाढवायला ती जागा चांगली. पण पुढे त्याच जागी शेवंती फुलायला टाळाटाळ करेल.

याच दिवसांत झाडावरची सुकलेली फुलं काढून टाका. ज्या फांद्या घ्यायच्या त्यांच्यावरच्या कळ्याही खुडा. फुलांसाठी म्हणून मिळणारी खतं बंद करा. पाणी वेळेवर द्या. नर्सरीतली कुंडी बहुधा निव्वळ कोकोपीटची असते आणि ते एकदा कोरडं पडलं की पाणी वरच्या वर वाहून जातं. तसं झालं असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

आणि पानं उलटून बघा. मावा असेल तर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करून चार-पाच दिवस थांबा. पानाच्या वरच्या बाजूला फिकट डाग आणि त्याच जागी खाली पांढरट फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा; ते झाड कलमांसाठी घेऊच नका. बाकीच्यांपेक्षा खुरटलेलं, पानांवर पिवळट नक्षी पडलेलं रोपही सोडून द्या. फांदी लावून केलेलं रोप मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतं आणि विषाणूसारखे रोग त्या प्रतीबरोबर जसेच्या तसे येतात. त्यावर घरगुती औषध नाही.

कोणती फांदी घ्यायची

सगळं यश इथे आहे, म्हणून जरा वेळ घेऊन सांगतो.

पहिली पसंती काशीला. झाडाच्या बुडाशी, मातीतून वर येणारा कोवळा फुटवा म्हणजे काशी. ती फुलण्याच्या भानगडीत पडलेली नसते, बऱ्याचदा तिला बारीक मुळंही आलेली असतात. भरगच्च कुंडीत ती दिसत नाही. खालची पानं बाजूला सारून शोधा. मिळाली तर मुळांसकट अलगद सोडवून थेट लावा.

दुसरी पसंती खोडाच्या खालच्या अर्ध्या भागातल्या, पानांच्या बेचक्यांतून निघालेल्या बगलफुटींना. त्यांच्या शेंड्यावर अजून कळी नसते, पानं नेहमीसारखी खोल कातरलेली असतात. फुललेल्या झाडावरून बहुतेक वेळा हीच मिळते. दिव्याखाली आठ-दहा दिवस काढलेल्या झाडावर ती आणखी जोमाने फुटते.

तिसरी आणि शेवटची निवड म्हणजे प्रत्यक्ष फुलाची फांदी. दुसरं काहीच नसेल तेव्हाच. फुलाच्या देठाकडे वर जावं तशी पानं लहान, बिनकातरीची आणि एकमेकांपासून लांब होत जातात. त्या वरच्या भागाचा उपयोग नाही. शेंड्याला फूल आलं म्हणजे त्या शेंड्याची वाढ संपली. पुढची वाढ होणार ती पानाच्या बेचक्यातल्या डोळ्यातून. डोळा नसलेला नुसता देठ लावला तर त्याला कदाचित मुळंही येतील, पण रोप कधीच होणार नाही. म्हणून फूल आणि वरचा देठ काढून टाका आणि खालचा असा तुकडा घ्या ज्यावर निदान तीन चांगली पानं आणि त्यांच्या बेचक्यांत टपोरे डोळे आहेत.

फांदी योग्य वयाची आहे का ते वाकवून कळतं. कट्कन मोडली तर ठीक. नुसती वाकत राहिली तर एकतर फार कोवळी किंवा दोरीसारखी निबर. कापल्यावर मधला भाग पांढरा, कोरडा, भुसभुशीत दिसला तर ती जून झाली. मुळांना फार वेळ लावेल.

माध्यम आणि तयारी

कोकोपीट आणि पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) निम्मं-निम्मं. कोकोपीटची वीट भिजवून फुगली की तीनदा स्वच्छ पाण्यात धुऊन घट्ट पिळा. त्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. पर्लाइट नको असेल तर जाड धुतलेली वाळू चालते. पण बांधकामावरून मूठभर आणलेली रेती कुठली आहे ते विचारा. खाडीची रेती असेल तर मीठ आलंच. ती टाळलेली बरी. बागेतली माती, गांडूळखत, शेणखत यातलं काहीही या टप्प्यावर नको. मुळं नसलेल्या काडीला खत खाता येत नाही, बुरशी मात्र ते आनंदाने खाते.

भांडं म्हणून प्रो-ट्रे, म्हणजे रोपांसाठीचा खणाखणांचा ट्रे, उत्तम. नसेल तर तळाला तीन-चार भोकं पाडलेले चहाचे मोठे कागदी कप. माध्यम मुठीत दाबलं तर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये.

रूटिंग पावडर म्हणजे आयबीए हे संप्रेरक मिसळलेली भुकटी. मऊ फांद्यांसाठीची सौम्य पुडी घ्या, साधारण १००० पीपीएमची. जून लाकडासाठीची तीव्र पुडी शेवंतीचं टोक जाळते. वाढीतल्या शेवंतीला पावडरशिवायही मुळं येतात, फुललेल्या झाडाच्या फांदीला मात्र ती आवर्जून लावावी, कारण तिच्यात स्वतःचं ऑक्झिन, म्हणजे मुळं फुटवणारं संप्रेरक, कमी पडतं. मध, दालचिनी, कोरफड यांची शिफारस सगळीकडे वाचायला मिळते. दालचिनी बुरशीला थोडा आवर घालते एवढंच. पावडरची जागा या वस्तू घेत नाहीत.

कापण्याचा दिवस

आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी द्या आणि सकाळी उन्हं बाल्कनीत यायच्या आत काम उरका. ट्रे भरून, माध्यम ओलं करून, काडी रोवायला पेन्सिलीने भोकं पाडून आधीच तयार ठेवा. फांदी कापल्यावर मग कप शोधत बसू नये.

कटरचं नवं पातं स्पिरिटने पुसून घ्या आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा पुसा. कात्री नको, ती देठ चेपते. ६ ते ८ सेंटीमीटरचा तुकडा घ्या. खालचा काप पेराच्या डोळ्याच्या लगेच खाली, पाव सेंटीमीटरवर, सरळ. खालच्या निम्म्या भागावरची पानं चिमटीने बाजूला ओढून काढा, साल सोलू देऊ नका. वर तीन ते चार पानं राहू द्या. जास्त ठेवली तर पाणी उडतं, आणि जुनी पानं फुलण्याचा निरोप पाठवत राहतात. पानं अर्धी कापण्याची पद्धत जास्वंदीसारख्या मोठ्या पानांना ठीक आहे. शेवंतीत मी ती वापरत नाही. झाकलेल्या दमट जागी कापलेल्या कडा कुजायला लागतात.

आता कळ्या. शेंडा डोळ्यांजवळ धरून, चष्मा लावून बघा. टाचणीच्या डोक्याएवढी कळीसुद्धा नखाने काढा. बेचक्यांतही बघा. मात्र कळीबरोबर बेचक्यातला डोळा खुडला जाऊ नये. गोल आणि घट्ट ती कळी, टोकदार आणि पानांची घडी दिसते तो डोळा.

बुरशीचा धाक असेल तर लिटरभर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून काड्यांची खालची टोकं दोन-तीन मिनिटं बुडवा, हातमोजे घालून. रासायनिक नको असेल तर माध्यमात ट्रायकोडर्मा मिसळा. दोन्ही एकदम नको. ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे आणि कार्बेन्डाझिम तिलाही मारतं. टोक निथळलं की पावडरीत सेंटीमीटरभर बुडवा, टिचकी मारून जादाची झटका, भोकात ठेवा, बोटांनी हलकं दाबा. पावडर डब्यातून थोडी वेगळी काढून वापरा आणि उरलेली टाकून द्या. ओली काडी डब्यात बुडवली तर सगळी पुडी खराब होते.

पुढचे तीन आठवडे

ट्रे उजेडात पण थेट उन्हाबाहेर. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी, पडद्याआड. घोडबंदरच्या टॉवरांत विसाव्या मजल्यावर राहत असाल तर बाल्कनीत ठेवूच नका. वारा तासाभरात पानं सुकवतो. खारघर-बेलापूरकडे डोंगरावरून येणारी हिवाळ्यातली कोरडी हवाही तशीच. पाण्याच्या मोठ्या बाटलीचा तळ कापून ती घंटेसारखी काडीवर ठेवा, बूच काढून. सकाळ-संध्याकाळ पानांवर बारीक फवारा. पहिले दोन दिवस पानं मलूल दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशीही ताठ झाली नाहीत तर उजेड कमी करा. घाबरून पाणी ओतू नका. माध्यम चिखल झालं की काडी बुडातून काळी पडते.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज थोडा वेळ बाटली काढत जा. गळालेलं पान, पाकळी लगेच उचला. करडी बुरशी तिथूनच सुरू होते. आणि रात्रीचा दिवा चालूच. ट्रेवर, त्याच वेळेला, एकही रात्र न चुकवता.

काशी आणि बगलफुटीला दहा-बारा दिवसांत ते दोन आठवड्यांत मुळं येतात. फुलाच्या फांदीला तीन-चार आठवडेही लागू शकतात. काडी उपटून बघायचा मोह आवरा. ट्रेच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की कळतंच. नवं पान हा पुरावा नव्हे. काडीत साठलेल्या अन्नावरही ते येऊ शकतं. मध्येच पुन्हा कळी दिसली तर खुडा. पहिली नवी पानं लहान, साधी, कमी कातरीची निघतील. त्यानंतर नेहमीच्या शेवंतीसारखं खोल कातरलेलं पान आलं की समजा, रोप वाढीकडे वळलं. फुलाच्या फांदीतली एक-दोन रोपं कधी कधी वळतच नाहीत, कळ्याच काढत राहतात. त्यांच्यावर महिना घालवू नये.

कुंडीत, आणि पुढे पावसाळ्यातून

मुळांचं जाळं दिसलं की चार इंची कुंडीत हलवा: दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जुनं चाळलेलं शेणखत, मूठभर वाळू. आठवडाभर सावलीत ठेवून मग सकाळचं ऊन द्या. सहा-सात पानं झाली की शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतील. त्या वाढल्या की त्यांचेही. रोप विकत घेतलेल्या झाडापेक्षा उंच जायला लागेल. बिघडलं काही नाही. व्यापारी कुंड्यांना बुटकं ठेवणारी औषधं फवारलेली असतात, त्यांचा परिणाम नव्या रोपात उरत नाही. खुडणी हेच आपल्या हातातलं औषध.

एप्रिल-मे ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली. लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड याच दिवसांत येते, म्हणून पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारत राहा. जूनच्या आधी आठ इंची कुंडीत, तळाला भोकं मोकळी आहेत ना ते बघून. जून ते सप्टेंबर रोप पावसाच्या थेट माऱ्यात राहता कामा नये. ठाण्यातली शेवंती थंडीने मरत नाही, उन्हाने क्वचित. ती मरते जुलैच्या साचलेल्या पाण्याने. ग्रिलच्या आत, छताखाली, कुंडी विटेवर ठेवा. उरलेल्या एखाद्या रोपाच्या फांद्या जुलैत पुन्हा लावून राखीव ठेवल्या तर आणखी बरं. तेव्हा हवा इतकी दमट असते की बाटलीचं झाकणही लागत नाही.

हीच रीत इतर कुठे चालते? कलांचो आणि पॉइन्सेटिया ही दोन्ही मोठ्या रात्रीची झाडं, त्यांना दिवा तसाच लागतो; पॉइन्सेटियाचा चीक आधी कोमट पाण्यात धुऊन थांबवा, डोळ्यांना लागू देऊ नका. जास्वंदीला दिव्याची गरज नाही. कळ्या काढून पेन्सिलीएवढ्या जाडीची अर्धवट जून फांदी पावसाळ्यात लावा. मोगराही पावसात.

आता दिवा कधी बंद करायचा ते. शेवंतीला मोठ्या रात्री सुरू झाल्यापासून फुलायला, जातीप्रमाणे, साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. दिवाळीला फुलं हवीत म्हणून अनेक जण ऑगस्टमध्येच दिवा काढतात, पण ऑक्टोबरचा उकाडा कळ्या अडवून धरतो आणि फुलं वेडीवाकडी, फिकी येतात. मी मार्गशीर्षातल्या गुरुवारांचा हिशोब धरायला सांगेन. पितृपक्ष लागला की दिवा बंद करा, त्याआधी दोन आठवडे शेवटची खुडणी झालेली असू द्या. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की प्रत्येक फांदीवर किती ठेवायच्या ते ठरवा: मोठं फूल हवं असेल तर एक, भरगच्च कुंडी हवी असेल तर सगळ्या. फुलं उमलायला लागली की बुडाशी काश्या शोधायला सुरुवात करा.